दिवा स्टेशन, दोन इंचांचा फोम आणि प्रा. मधु दंडवते

कातळावरचा_माड

परवा आईला गावी पाठवायचं आयत्या वेळी ठरलं, म्हणून दिवा-सावंतवाडी गाडी धरली. गाडी सुटते सहा-साडेसहाच्या सुमारास, पण आम्ही पाचच्या आधीच दिव्याच्या फलाटावर होतो. तेव्हाच निम्मा फलाट भरला होता. ट्रंका, खताच्या रिकाम्या गोणीत बांधलेली भांडी, एक नवा कोरा टेबल फॅन खोक्यासकट, आणि गावच्या देवळासाठी नेलेली एक पितळी समई, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. गाडी लागली तशी मुलं धावत जाऊन बाकांवर रुमाल टाकायला लागली. आईला खिडकी मिळाली.

बसल्या बसल्या तिने बाकावर हात फिरवला. रेक्झिनच्या शिवणीजवळ बोट दाबलं की आतला फोम खाली जातो आणि हळूहळू वर येतो, ते ती लहान मुलासारखी दोन-तीनदा करून बघत होती. म्हणाली, "आम्ही कोल्हापूरपर्यंत रेल्वेने यायचो आणि तिथून एसटीने घाट उतरायचो ना, तेव्हा हे नव्हतं. नुसत्या फळ्या. रात्रभर कूस बदलायची. हे दंडवत्यांनी केलं."

माझी आई राजकारणावर बोलत नाही. मंत्र्यांची नावं तिला आठवत नाहीत. पण हे एक नाव तिला बाकाला हात लावल्यावर आठवलं. गाडी गेल्यावर मी तिथेच चहा घेतला, समोरून ठाण्याकडे जाणाऱ्या भरलेल्या लोकल बघत राहिलो आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मधु दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ चा, अहमदनगरचा. बेचाळीसच्या आंदोलनात होते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहात होते, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते. मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. १९७१ ला राजापूरमधून लोकसभेवर गेले आणि सलग पाच वेळा निवडून आले. १९७७ ते १९७९ जनता सरकारात रेल्वेमंत्री, १९८९-९० ला अर्थमंत्री, नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. १२ नोव्हेंबर २००५ ला गेले.

रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बर्थवर दोन इंचांचा फोम बसवायचा निर्णय घेतला. मुख्य गाड्यांपासून सुरुवात झाली, मग हळूहळू सगळीकडे झालं. त्यांची भूमिका साधी होती: पहिला वर्ग खाली ओढायचा नाही, दुसरा वर उचलायचा. २६ डिसेंबर १९७७ ला मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली, तीही वर्गविरहित. सगळे डबे दुसऱ्या वर्गाचे. पुढे त्या गाडीलाही वातानुकूलित डबे लागले, पण ती निघाली होती ती तशी.

मला असं वाटतं की समाजवाद हा शब्द आपल्याकडे भाषणात फार झिजला. या माणसाने तो पाठीच्या कण्यापर्यंत आणला. आज तोच विचार घेऊन कोणी दिव्याच्या फलाटावर उभं राहिलं, तर त्याला पहिलं काय दिसेल? तुम्हाला काय वाटतं?

सौदामिनी_ठाणे

लेख आवडला, आईंचं वाक्य तर फारच. पण दिव्यात अकरा वर्षं राहते म्हणून सांगते, पहिलं काय दिसेल ते. दार दिसेल. लोकलचं दार.

सकाळी साडेसात ते साडेनऊ दिव्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. गाड्या कल्याण-डोंबिवलीतूनच भरून येतात. माझ्यासारख्या कितीतरी जणी आधी उलट्या दिशेने डोंबिवलीला किंवा कल्याणला जातात आणि तिथून रिटर्न येतात, म्हणजे निदान आत उभं राहता येतं. रोजचा पाऊण तास त्यात जातो. ९ जून २०२५ ला दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींना पार होत असताना दारातले प्रवासी खाली पडले, जीव गेले. त्या दिवशी मी घरी होते, मुलाला ताप होता. नवरा त्याच मार्गाने गेला होता. त्याचा फोन लागेपर्यंतची वीस मिनिटं मी कुणाला सांगू शकत नाही.

बाकावरचा फोम बसायला मिळालेल्यासाठी असतो. दिव्याच्या माणसाला आधी बाक मिळत नाही. दंडवते सरांबद्दल आदर आहेच, पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं.

रूळ_आणि_खडी

सौदामिनीताई, तुमचं म्हणणं काळजाला लागलं. त्याला धरूनच एक गोष्ट जोडतो.

दंडवत्यांच्या काळाबद्दल लोक फोम लक्षात ठेवतात, कारण तो दिसतो. पण जवळपास पाच हजार किलोमीटरचे झिजलेले रूळ दुरुस्त करण्याचं कामही त्या काळातलं, आणि आरक्षण संगणकावर नेण्याची सुरुवातही. तिकीट कोणाला मिळतं आणि कोणाला मिळत नाही हे खिडकीमागच्या वहीत ठरायचं तेव्हा ओळख नसलेला माणूस मागेच राहायचा. यंत्राला ओळख-पाळख कळत नाही. मला यात त्यांच्यातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक दिसतो. त्यांना यंत्राचं वावडं नव्हतं. यंत्र कोणाच्या कामाला येतं एवढंच ते बघत.

दिव्याबद्दल: ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका १८ फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि लोकल वेगळ्या रुळांवर गेल्या की लोकल वाढवायला वाव मिळतो, हा त्यामागचा विचार. पण दिव्यातल्या फाटकाचं काय? फाटक उघडलं की लोकल थांबतात, बंद ठेवलं की रस्त्यावरच्या रिक्षा, शाळेची मुलं, रुग्णवाहिका थांबतात. एका फाटकावर अख्ख्या मध्य रेल्वेचं सकाळचं वेळापत्रक पुढे-मागे होतं. उड्डाणपूल हाच त्यावर इलाज आहे, आणि तो कागदावर यायलाच किती वर्षं गेली.

वाडीवरचा

कोकण रेल्वेचा विषय निघालाच आहे तर श्रेयाबद्दल जरा स्पष्ट बोलतो. दंडवत्यांबद्दल मला नितांत आदर आहे, माझ्या वडिलांनी त्यांच्या पाचही निवडणुकांत प्रचार केला, सायकलवर कर्णा बांधून. पण कोकण रेल्वे एकट्या दंडवत्यांनी आणली असं म्हटलं की बाकीच्यांवर अन्याय होतो. अ. ब. वालावलकरांनी त्या रेल्वेचा ध्यास घेऊन पायी वणवण केली. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत कोकणाचा आवाज उठवला. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या राजापूरमधून दंडवते उभे राहिले. म्हणजे तो मतदारसंघ आणि ते स्वप्न, दोन्ही त्यांच्याकडे वारशाने आलं.

मग जॉर्ज फर्नांडिस. आणि ई. श्रीधरन, ज्यांनी ते प्रत्यक्षात उतरवलं.

जुना_सभासद

वाडीवरचा, तुमचं बरोबर आहे, पण १९९० चं वर्ष नीट बघा. फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री, रामकृष्ण हेगडे नियोजन आयोगावर. तिघेही पश्चिम किनाऱ्याशी बांधलेले. रेल्वेच्या नेहमीच्या अर्थसंकल्पातून हा मार्ग करायचा तर दर वर्षी चिमूटभर पैसे मिळाले असते आणि पन्नास वर्षं लागली असती. आपटा-रोहा एवढाच तुकडा व्हायला १९८६ उजाडलं होतं. म्हणून वेगळं महामंडळ काढायचं, केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ यांचे प्रत्येकी ६, आणि उरलेले पैसे रोखे काढून बाजारातून उभे करायचे. जुलै १९९० मध्ये महामंडळ स्थापन झालं, सप्टेंबरमध्ये रोह्याला पायाभरणी झाली, आणि नोव्हेंबरमध्ये सरकार पडलं. दोन-चार महिने इकडे-तिकडे झाले असते तर फाईल पुन्हा कपाटात गेली असती.

समाजवादी अर्थमंत्री रोखे काढून रेल्वे बांधायला मान्यता देतो, ही मला त्यांच्या विचारातली मोठी गोष्ट वाटते. त्यांनी मार्क्स आणि गांधी एकत्र वाचले, त्यावर लिहिलं. पैसा बाजारातून आला म्हणून रेल्वे बाजाराची होत नाही. मालकी केंद्राची आणि चार राज्यांची राहिली, आणि गाडी वैभववाडीलाही थांबते. साधन आणि साध्य यांचं नातं सोडायचं नाही, हे त्यांनी गांधींकडून घेतलं होतं. पोथीतला समाजवादी असता तर रोख्यांवरच अडला असता.

आणि सगळ्यात हलवून टाकणारा भाग. १९९१ ला ते राजापूरमधून हरले. रूळ खेडला पोचले तेव्हा ते खासदार नव्हते. सावंतवाडीला पोचले तेव्हाही नव्हते. २६ जानेवारी १९९८ ला सबंध मार्ग खुला झाला. ज्या लोकांनी पाच वेळा निवडून दिलं त्यांनी सहाव्या वेळी नाही दिलं, आणि तरी त्यांच्या तोंडून कोकणातल्या माणसाबद्दल कडवट शब्द निघालेला मी कधी ऐकला नाही. मी त्यांना तीनदा सभेत ऐकलं आहे. आवाज चढवायचे नाहीत. वर्गात शिकवल्यासारखं, पायरी पायरीने.

फाटकाजवळ

वाचतोय. माझं घर हँडलप्रमाणेच फाटकाजवळ आहे. 🙂 दिव्यात एवढी मालवणी माणसं कशी, हा प्रश्न बाहेरचे नेहमी विचारतात. १९८२ चा गिरणी संप झाला, लालबाग-परळच्या खोल्या विकल्या गेल्या, आणि लोक डोंबिवली, दिवा, विरार, नालासोपाऱ्याला फेकले गेले. आमचे आजोबा साच्यावर होते. परळच्या दहा बाय बाराच्या बदल्यात दिव्यात वन रूम किचन. त्यात एक आशा होती, की इथून गावची गाडी मिळेल.

अबोली_रत्नागिरी

१९७४ च्या रेल्वे संपाबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

८ मे ते २७ मे १९७४. सतरा लाख कामगार, जॉर्ज फर्नांडिस पुढारी. संप मोडला गेला आणि हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कित्येक तुरुंगात गेले. आम्ही तेव्हा कल्याणला चाळीत राहायचो. शेजारचे एक काका संपात होते. नोकरी गेल्यावर ते स्टेशनबाहेर केळी विकायचे. मी पाच-सहा वर्षांची असेन. मला एवढंच आठवतं, की कोणी गिऱ्हाईक नसलं की ते गाड्यांचे आवाज ऐकून सांगायचे, कोणती गाडी आली, किती डब्यांची, वेळेवर की उशिरा. गाडी उशिरा असली की त्यांनाच वाईट वाटायचं.

१९७७ ला दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात कामावरून काढलेल्यांना परत घेण्याचा निर्णय झाला. काका कामावर रुजू झाले त्या दिवशी त्यांनी उरलेली सगळी केळी चाळीत वाटली. काकूंनी निळा गणवेश ट्रंकेत जपून ठेवला होता, डांबराच्या गोळ्या घालून. तीन वर्षं. तो वास मला अजून येतो.

दंडवते स्वतः आणीबाणीत दीड वर्ष तुरुंगात होते. बंगळूरला संसदीय समितीच्या बैठकीसाठी गेले होते, तिथेच वाजपेयी, अडवाणी यांच्याबरोबर अटक झाली. प्रमिलाताई येरवड्यात. नवरा-बायको दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहायचे. तुरुंगातून थेट मंत्रिपदावर आलेल्या माणसाने हिशोब चुकते करत बसण्याऐवजी आधी दुसऱ्यांच्या नोकऱ्या परत दिल्या. माझ्यासाठी फोमपेक्षा हे मोठं आहे.

सौदामिनी_ठाणे

अबोलीताई, गणवेश वाचून डोळे भरले. माझा पहिला प्रतिसाद जरा तोडून टाकल्यासारखा झाला होता. पण मुद्दा तोच आहे, आणि मला वाटतं दंडवते सरांना तो पटला असता.

शेतकऱ्याची_लेक

अर्थमंत्री म्हणून त्यांचं काम सगळंच डोक्यावर घ्यावं असं मला वाटत नाही. १९९० ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी त्या सरकारची. आमच्याकडे जिल्हा बँकेत वडील कारकून होते. ते सांगायचे, ज्याने पोटाला चिमटा काढून हप्ते फेडले होते तो सहा महिने बँकेत आला की मान खाली घालून बसायचा, आपण मूर्ख ठरलो असं त्याला वाटायचं. कर्ज माफ झालेल्यांत खरोखर नागवलेलेही होते, हेही तेच सांगायचे. पण परतफेडीची सवय मोडली ती पुन्हा लागायला फार काळ गेला.

त्याच वर्षी सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र त्यांनी रद्द केला, ते उत्तम झालं. १९६८ पासून सोनारांच्या मागे तपासनिसांचा ससेमिरा होता. छोट्या कारागिराला वह्या, परवाने, तपासण्या, आणि चोरटं सोनं यायचं ते येतच होतं. एका समाजवाद्याने नियंत्रण उठवलं, कारण ते नियंत्रण गरिबालाच जाचत होतं. जुना_सभासद म्हणतात तो मुद्दा इथेही लागू पडतो.

रूळ_आणि_खडी

कर्जमाफीबद्दल सहमत. लोकसभेत बहुमत नसलेलं सरकार होतं, दोन बाजूंच्या टेकूवर उभं, हेही धरायला हवं. पण निर्णय त्यांच्या सहीने झाला, जबाबदारी त्यांची.

डोंबिवलीकर_७८

एसी लोकलबद्दल कोणाचं काय मत? पहिली २०१७ च्या नाताळात पश्चिम रेल्वेवर धावली, मग आपल्याकडे. दारं बंद होतात, कोणी पडत नाही, हे सोन्यासारखं. पण ज्या वेळेला साधी लोकल होती त्या वेळेला एसी आली की साध्या पासवाल्याची एक गाडी गेली. मुंब्र्याच्या अपघातानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली, साध्या लोकललाही हवा खेळती ठेवून दारं देण्याचा विचार चालू आहे. मला वाटतं दुसरा वर्ग वर उचलायचा म्हणजे आज हेच. बंद दार साध्या तिकिटाच्या डब्याला मिळालं पाहिजे.

जुना_सभासद

डोंबिवलीकर, अगदी मनातलं बोललात. १९७७ मध्ये झोप हा पहिल्या वर्गाचा हक्क होता. आज जिवंत घरी पोचणं हे जास्त पैसे भरणाऱ्याच्या वाट्याला जास्त येतंय.

वाडीवरचा

आणि दिव्याची गाडी दिव्याहूनच का सुटते, हेही बोलूया. रत्नागिरी पॅसेंजर पूर्वी दादरपर्यंत जायची. करोनानंतर ती दिव्यापर्यंतच आली ती आजतागायत. गिरगाव, वरळी, वडाळ्याच्या म्हाताऱ्या माणसाने पहाटे सामान घेऊन लोकलने दिव्याला यायचं, पूल चढायचा-उतरायचा, मग गाडी धरायची. संध्याकाळी उतरणाऱ्यांचे हाल आणखी वेगळे. फणस, तांदळाची गोणी, कुळथाचं पीठ, आमसुलं, सगळं घेऊन चाकरमानी उतरतो तेव्हा समोर कामावरून परतणाऱ्यांचा लोंढा. जून २०२३ पासून मुंबई-मडगाव वंदे भारत धावते. ती याच दिव्यातून न थांबता जाते. ती गाडी चांगलीच आहे, कोणाला नको असेल? पण स्वस्त गाडी मागे सरकली आणि महाग गाडी पुढे आली, एवढं तरी मोजलं गेलं पाहिजे.

फाटकाजवळ

दिव्याला जलद लोकल थांबायला डिसेंबर २०१६ उजाडलं. त्याआधी जानेवारी २०१५ ला सकाळी गाड्या रखडल्या तेव्हा लोक रुळांवर उतरले, दगडफेक झाली, तासन्‌तास वाहतूक बंद. दगडफेकीचं समर्थन मी करणार नाही, एका मोटरमनच्या घरी माझं येणं-जाणं आहे. पण लोकांनी त्याआधी किती अर्ज दिले होते ते मला माहीत आहे, कारण त्यातले काही मी लिहिले होते. सुवाच्य अक्षर आहे म्हणून मला सांगायचे. वरती "मा. महोदय" आणि खाली दोनशे-अडीचशे सह्या, काही अंगठे.

दंडवते सरांसारखा माणूस ते अर्ज वाचायला असता तर दगड उचलायची वेळ आली नसती, असं मला मनापासून वाटतं.

कातळावरचा_माड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले, काही दोनदा. सौदामिनीताई, तुमची वीस मिनिटं डोक्यात राहिली आहेत. मी फलाटावर उभा राहून बाकाचाच विचार करत होतो, दाराचा केला नाही, कारण मी दिव्यात राहत नाही. चुकलंच.

वाडीवरचा, श्रेयाबद्दल तुमचं मान्य. आईला काल फोनवर वालावलकरांचं नाव सांगितलं. तिला ते माहीत होतं! म्हणाली, "ते चालत फिरायचे ना? आमच्या आबांनी त्यांना ताक दिलं होतं." खरं-खोटं देव जाणे, पण ती ठामपणे सांगत होती.

फाटकाजवळ, तुमच्याकडे त्या अर्जांच्या प्रती असतील तर नावं-सह्या झाकून इथे टाकाल का? दादरपर्यंतच्या पॅसेंजरसाठी नवा अर्ज लिहायचा तर मसुदा तिथून घेता येईल. बंद दाराच्या साध्या लोकलचा मुद्दा त्यात घालायचा की वेगळा अर्ज करायचा, तेही सांगा. सह्यांसाठी मी पुढच्या शनिवारी पहाटे दिव्याला येतो, सावंतवाडी गाडीच्या वेळेला. पाच वाजता, पुलाच्या पायथ्याशी.

फाटकाजवळ

तीन प्रती आहेत, उद्या स्कॅन करतो. अर्ज वेगळेच करू, दोन विषय एका कागदावर आले की दोन्ही राहतात. शनिवारी येताना शाईचं पॅड आणा. अंगठा लावणारे त्या गाडीला अजून असतात.

सौदामिनी_ठाणे

मीपण येते. लेडीज डब्याजवळच्या सह्या माझ्याकडे.